आडोसा

बॅलार्ड इस्टेटात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे दगडी जिना दमून संपतो, तिथे माझं टेबल.
त्यावर आज एकच कागद:
सारंग दाऊद परकार यांचा जबाब, इंग्रजीत टाइप केलेला.
स्पेनच्या वकिलाला शुक्रवारपर्यंत स्पॅनिशमध्ये हवा.
वायर तुटली तेव्हा
खलाशी रुपेश तांडेल 'कॉर्नर'ला उभा होता,
असं त्यात आहे.

कॉर्नर.
या शहरात पानवाला कॉर्नरचा, सँडविचवाला कॉर्नरचा,
फ्लॅट कॉर्नरचा निघाला की चौरस फुटाचा भाव चढतो.
कुणी अडत नाही.
स्पॅनिश मात्र दारातच अडवते:
बाई, तू आत आहेस की बाहेर?
बाहेरून बघशील तर एस्किना,
म्हणजे नाका, म्हणजे टेबलाचं ते टोक
जे नेमकं मांडीला लागतं.
आतून बघशील तर रिंकोन,
जिथे केरसुणी उभी करतात,
जिथे चौथीत मला उभं केलं होतं
सतरा साते अडखळले म्हणून.

रुपेश एस्किनाला होता, तर तो कामावर होता.
रिंकोनात होता, तर वकील विचारणारच,
तिथे काय करत होता?
डावा पाय गुडघ्याखाली नाही आता. वय एकवीस.

दाभोळला फोन लावला.
परकारचाचा घरीच. मागे कोंबड्या,
कुणीतरी नारळ सोलत असल्याचा आवाज.
चाचा, तो कोपऱ्यात होता की कोपऱ्यावर?
हसले. 'बोटीला कसला कोपरा, ताई?
आडोशाला होता. विंचच्या आडोशाला.
वारा असा, की डोळे उघडवत नव्हते.
मीच म्हटलं त्याला, घे रे जरा आडोसा.'

मग बराच वेळ नुसत्या कोंबड्या.

'मी म्हटलेलं ते... कागदात नाही ना?'
नाही, चाचा.
'मग ऱ्हाऊ दे.'

फोन ठेवला आणि जाडा कोश काढला.
आहे. शब्द आहे, खलाशांचाच आहे:
सोकाइरे.
वारा एका बाजूने येतो
तेव्हा दुसऱ्या बाजूला जेवढी जागा उरते, ती.
इतका चपखल, की मी खुर्चीतून उठले,
खिडकीपाशी जाऊन आले.
परत येऊन खालची बारीक ओळ वाचली:
सोकाइरेला राहणे, म्हणजे
कामात अंगचोरपणा करणे.

बसले.
आमच्या आडोशाला असा डाग नाही.
आडोशाला पोराला पाजतात, आडोशाला समई टिकते,
आडोशाला बिडी पेटते, हे जरा वाईट, पण चालतं.
तिकडच्या दर्यावर्दींनी
कुणाकुणाला तिथे पकडलं असेल कोण जाणे,
शब्द कायमचा संशयित झाला.

दस्तूर साहेबांना विचारलं,
'वाऱ्यापासून आडोशाला' असं तीन-चार शब्दांत फोडून लिहू?
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
'कागदात वारा कुठे आहे?'
नाही. कागदात वारा नाही.
ज्याने टाइप केलं, त्याने चाचांचं सगळं बोलणं
एका कॉर्नरमध्ये ढकलून दिलं होतं,
आणि चाचांनी खाली सही केली होती,
उर्दूत, सावकाश, एकेक अक्षर लावत.
'जबाब नव्याने घ्यायचा तर त्यांना बोलवावं लागेल,' साहेब म्हणाले,
'स्टँप पेपर, जाणं-येणं. आणि ते बोलतील?'

ते मला माहीत नव्हतं.

सहा वाजले. शिपाई वाल्मीक दिवे मालवत
माझ्यापर्यंत आला आणि थांबला.
पंखा गरगरत होता, कागद एका टोकाशी फडफडत होता.
हे टोक तरी नक्की एस्किना,
यात शंका नाही.
त्याच्यावर पंचिंग मशीन ठेवलं
आणि दाभोळचा नंबर
पुन्हा फिरवला.